आईला टायोट्रोपियमची कॅप्सूल दिलीय, पंपाची सवय लागते का?

अमळनेरकर:
नमस्कार मंडळी. आईचं वय ६३, बिडी-तंबाखू कधी नाही पण ४० वर्षं चुलीत पऱ्हाट्या जाळून भाकरी केल्या, घरात गॅस आहे तरी कळण्याची भाकरी चुलीवरचीच लागते तिला. आता जिना चढली की मध्येच बसते. धुळ्याला नेलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, मग पंपाने औषध देऊन १५ मिनिटांनी परत फुंकायला लावलं, सीओपीडी सांगितलं, म्हणजे श्वासनळ्या बारीक होऊन दम लागण्याचा जुनाट आजार. रोज एक टायोट्रोपियमची कॅप्सूल आणि जास्त दम भरला तर साल्ब्युटामॉलचा निळा पंप. ३ आठवडे झाले, आई म्हणते "काहीच फरक पडना नही". वरून मामांचं चालूच, पंप म्हणजे शेवटची पायरी, सवय लागते, गोळी मागून घ्या. खरं काय?

मेडिकलवाला_भो:
भाऊ, सवय कसली, तलफ येते का त्याची? आजार जुनाट म्हणून औषध रोजचं, बीपीच्या गोळीला कोणी सवय म्हणतं का.
श्वासनळीभोवती स्नायू असतात, ते आवळले की नळी बारीक होते. पेशंटला वाटतं हवा आत जात नाही, पण खरा घोळ बाहेर पडताना होतो, जुनी हवा आतच कोंडते मग नवीन घ्यायला जागाच उरत नाही, ठासून भरलेल्या गाठोड्यात अजून कापूस कोंबायला गेल्यासारखं. हे औषध ते स्नायू सैल करतं, कोंडलेली हवा निघते आणि माणूस चार पावलं जास्त चालतो. साल्ब्युटामॉल ५ मिनिटात लागू पडतं, ४-६ तास टिकतं. टायोट्रोपियम सावकाश, पण २४ तास.
आणि मामांच्या गोळीचं, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, गोळी २ नाहीतर ४ मिलिग्रॅमची, म्हणजे २० ते ४० पट, तीपण रक्तातून अंगभर फिरून फुप्फुसात येणार, हात थरथरणार, छाती धडधडणार.
फक्त फुप्फुसाचं जे नुकसान झालंय ते यानं भरून येत नाही, चूल बंद करावीच लागेल.
एक विचारू का, ती कॅप्सूल घेतात कशी?

अमळनेरकर:
कशी म्हणजे? चहा झाला की पाण्यासोबत.

मेडिकलवाला_भो:
अरे भो!! ती गिळायची नसते. सोबतच्या छोट्या मशीनमध्ये टाकून आतली पावडर तोंडाने ओढायची, पोटात गेली तर फुप्फुसाला काही उपयोग नाही. असे लोक येतात आमच्याकडे, चूक त्यांची नाही, कॅप्सूल दिसली की माणूस गिळणारच. मशीन दिली होती ना सोबत?

अमळनेरकर:
खोक्यात पडलीय. आम्हाला वाटलं ती नंतर लागणार. डोकं धरून बसलोय.

जिनिंगवाला:
दादा टेन्शन घेऊ नका. मी जिनिंगला आहे, मला दमा, म्हणजे तुमच्यापेक्षा वेगळं प्रकरण. मी २ वर्षं नुसत्या निळ्या पंपावर काढली, बरं वाटायचं म्हणून, पण तो नळी सैल करतो, आतली सूज तशीच राहते, शेवटी एका रात्री ऑक्सिजन लावायची वेळ आली तेव्हा डॉक्टरने झापलं आणि स्टिरॉइडवाला पंप सुरू केला (तो घेतला की चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं). निळा पंप आधीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला तर थांबू नका, दाखवून या.
ओढायची पद्धत, आधी श्वास पूर्ण सोडायचा. पावडर जोरात आणि खोल ओढायची, पंप मात्र हळू, आणि नंतर दहा आकडे श्वास धरायचा. पंप दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नसेल तर स्पेसर घ्या, पंप आणि तोंडाच्या मध्ये लावायचा साधा प्लास्टिकचा डबा असतो.

धुळेकर_ताई:
टायोट्रोपियमने तोंड कोरडं पडतं, घाबरू नका. पण काचबिंदू असेल किंवा लघवी अडकत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

अमळनेरकर:
आज सकाळी मशीनने दिली. पहिल्यांदा आईने ओढायच्या ऐवजी फुंकलं, अर्धी पावडर माझ्या शर्टावर. मग जमलं. तोंडात जरा गोड लागलं म्हणे. मामांना अजून फोन केला नाही.