भाषणात नाव नाही म्हणजे पैसा नाही, असं नसतं

काही जण म्हणतात की जुलै 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात महाराष्ट्राचं नावही नाही, मग नागपूरला काय मिळणार? भाषण आणि तरतूद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. पैसा शोधायचा तर खर्चाचे तक्ते उघडा. तिथे नागपूर मेट्रोला 683 कोटी आहेत आणि नाग नदीसाठी 500 कोटी. मेट्रोचा दुसरा टप्पा 43.8 किलोमीटरचा आहे. कन्हान, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कामगारांसाठी हीच खरी गरज आहे.

केंद्राने उधळपट्टी केली हा दुसरा आक्षेप, तो तर मुळीच पटत नाही. भांडवली खर्च (रस्ते, रेल्वे अशा कामांवरचा) 11,11,111 कोटी ठेवूनही राजकोषीय तूट जीडीपीच्या 4.9 टक्के धरली, फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात ती 5.1 होती. रिझर्व्ह बँकेकडून 2.11 लाख कोटींचा लाभांश आला. नवं सरकार सगळा वाटून मोकळं होऊ शकलं असतं. त्याऐवजी नव्या कर्जाची उचलही कमी धरली, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच अर्थसंकल्पात राज्यांना 50 वर्षांच्या बिनव्याजी कर्जासाठी दीड लाख कोटी ठेवले होते. घोडं अडतं ते पुढे. जमीन ताब्यात नाही, जलवाहिन्या आणि वीजतारा हलवलेल्या नाहीत, तरी कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा आदेश, निघतो. मग ठेकेदार बसून राहतो, काम झालेलं नसल्याने उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) जात नाही, पुढचा हप्ता थांबतो आणि 31 मार्चला न वापरलेली तरतूद संपते. म्हणून पालकमंत्र्यांना विचारायचंच असेल तर हे विचारा: किती टक्के जमीन ताब्यात आली?