फ्लूची मोठी साथ आली तर पाडे बंद करावेत का?

गोरेगावकर: १९१८चा इन्फ्लुएन्झा म्हटलं की आपण मुंबईच्या गोदीपाशीच थांबतो. मला पॅसिफिक महासागरातली दोन सामोआ बेटं आठवतात. ७ नोव्हेंबर १९१८ला ‘तालून’ ही बोट ऑकलंडहून पश्चिम सामोआतल्या आपिया बंदराला लागली, आजारी उतारू खाली उतरले, आणि तिथे पाचातला एक माणूस गेला. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयरनं बोटीच अडवल्या. तिथे एकही बळी नाही. नव्या विषाणूवर लस यायला महिने जातात. तोवर आरे, येऊर, जव्हारचे पाडे बाहेरच्यांना सरळ बंद ठेवा.

चाळकरी: बेटाभोवती समुद्र होता हो! आरेभोवती बसस्टॉप आहेत. जूनमध्ये पाड्यातल्या बाया पहाटे शेवळं नि टाकळा घेऊन गोरेगाव स्टेशनबाहेर बसतात. चार वाटे विकले की संध्याकाळचे तांदूळ. ‘बंद करा’ म्हणणारा नेहमी महिन्याच्या पगारावरचाच कसा असतो?

आणि एवढं लांब कशाला जायचं? १९१८ला मुंबई शहरातच खालच्या मानलेल्या जातींतले हजारी ६१.६ मेले, युरोपियन ८.३. सगळे एकाच शहरात, एकाच हवेत. फरक खोल्यांचा, ताटाचा आणि दवापाण्याचा.

गोरेगावकर: गरिबी मान्य, पण सगळं तिच्यावर ढकलू नका. अलास्कात ब्रेव्हिग मिशन नावाची इन्युइट वस्ती होती. नोव्हेंबर १९१८मध्ये ८० प्रौढांपैकी ७२ पाच दिवसांत गेले. असला ताप त्यांच्या अंगाला ठाऊकच नव्हता.

सिस्टर_मरोळ: दादा, अंगाला ठाऊक नव्हता हे खरंच. पण अख्खी वस्ती एकदम आडवी झाली की चूल कोण पेटवणार? मी २००९च्या स्वाइन फ्लूत घरोघरी फिरायचे. एका झोपडीत आई आणि तिन्ही पोरं तापलेली, माठ कोरडा, आणि नळ उताराखाली. गोळ्या माझ्या पिशवीत होत्या, पण गिळायला पाणी नव्हतं. मी आधी हंडा उचलला. (नंतर ऑफिसात बोलणी खाल्ली, यादी अपुरी राहिली म्हणून.)

त्याच वर्षी कॅनडात मॅनिटोबातल्या आदिवासी वस्त्यांनी मदत मागितली, तर सामानातून मृतदेहांच्या पिशव्याही आल्या. गावं बंद करणारं सरकार पुढे काय पाठवेल, याचा भरवसा आहे का तुम्हाला?

गोरेगावकर: म्हणजे उघडं ठेवून मरू द्यायचं? बंद करा आणि रेशन पोचवा, एवढंच म्हणतोय.

चाळकरी: ‘रेशन’ आत्ता आलं. वर कुठे होतं?

पाड्यावरचा: मी आरेतलाच, वारली. अमेरिकन सामोआत किनाऱ्यावर पहारा तिथल्याच लोकांनी दिला, ते कुणी लिहिलं नाही. २०२०ला आमच्या पोरांनीपण वाटेवर बांबू आडवा बांधला होता. दुसऱ्या दिवशी आम्हीच सोडला. पाण्याचा टँकर पलीकडे उभा होता.