जुन्या बुलेट-येझदीच्या रिस्टोरेशनसाठी घरामागे वेगळी वर्कशॉप: फरशी, वायरिंग, ओल, हत्यारं (कोकण)

कातळावरचा_गॅरेजवाला

रत्नागिरी तालुक्यात घरापासून ६० फुटांवर १२ × १८ फुटांची खोली बांधायची आहे. खाली कातळ, भिंती चिऱ्याच्या, वर पत्रा. १९७६ची कास्ट आयर्न बुलेट ३५० आणि येझदी २५० अशा दोन गाड्या नटबोल्टापासून उघडून करायच्या आहेत, पण एका वेळी एकच. क्रोम आणि बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) बाहेरून करून घेणार.

विचारायचं असं: फरशी कोबा ठेवू की इपॉक्सी (रेझिनचा रंगासारखा थर) मारू? घरातून केबल कितीची ओढू? २ एचपीचा कॉम्प्रेसर घ्यायचा आहे, तो पुरेल का? आणि पावसाळ्याचे चार महिने उघडं इंजिन गंजापासून कसं सांभाळायचं? वायरमन म्हणतो, कातळावर अर्थिंग नीट मिळत नाही.

---

कोबा_आणि_चिरा

आधी जोतं. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर घ्या, नाहीतर कातळावरून वाहणारं पाणी थेट दारात येईल. जोतं दीड फूट म्हणजे रॅम्प किमान १२ फूट लांब हवा (८ला १ उतार). दीडशे किलोच्या वरची बंद बुलेट एकट्याने ढकलायची तर यापेक्षा तीव्र उतार चालत नाही. रॅम्पवर झाडूने आडव्या रेघा मारून घ्या, गुळगुळीत ठेवू नका, शेवाळ धरतं.

भर मुरमाची, ६-६ इंचांचे थर पाणी मारून ठोकत. वर सोलिंग (दगडांचा थर), वाळूचा पातळ थर, २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि मग ५ इंच एम२० काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३). कागदाचे जोड ६ इंच एकमेकांवर आणि कडा भिंतीवर चढवलेल्या. गवंडी हाच कागद टाळायला बघतात, आणि खालची ओल वर येते ती इथूनच. तुमच्या मापाला सुमारे ९० घनफूट काँक्रीट, म्हणजे २० ते २१ पोती सिमेंट. उतार दाराकडे १०० ला १.

इपॉक्सीची घाई नको. काँक्रीटला २८ दिवस पूर्ण होऊ द्या. मग दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं तर इपॉक्सी फुगून निघणार हे नक्की. कोबा करायचा तर वर फ्लोअर हार्डनर घासून घ्या आणि रंग फिका ठेवा. पडलेली सर्क्लिप (पिन अडकवणारी बारीक कडी) काळ्या फरशीवर सापडत नाही.

दार नैर्ऋत्येला नको, झड आत येते. पागोळ्या भिंतीपासून अडीच-तीन फूट लांब पडतील इतका पत्रा बाहेर काढा. चिरा पाणी पितो, म्हणून बाहेरून गिलावा हवाच.

---

वायरमन_दादा

वायरमन कातळाबद्दल बरोबर बोलतोय, पण त्यावर उपाय आहे. आधी धोका समजून घ्या. अर्थचा रेझिस्टन्स समजा २० ओहम आला आणि ग्राइंडरच्या बॉडीला फेज लागला, तर करंट जाईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) यावर ट्रिप होत नाही. बॉडी जिवंत राहते आणि पुढचा हात तुमचा असतो.

म्हणून खोलीत स्वतंत्र डीबी (स्विचचा डबा) आणि त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून पडणारा स्विच), याला पर्याय नाही. अर्थ थोडा खराब असला तरी तो वीज तोडतो. तरीही इलेक्ट्रोड खोलीजवळ वेगळा घाला. जिथे माती जास्त खोल असेल अशी जागा बघा (विहिरीकडची किंवा माडाच्या अळ्याजवळची), नाहीतर बोअर मारून केमिकल अर्थिंग (इलेक्ट्रोडभोवती ओल धरणारी पावडर भरून) करा. मीटरवर रीडिंग घ्या, नुसत्या अंदाजावर सोडू नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

केबल ४ चौ.मिमी कॉपर, तीन कोअर, आर्मर्ड (लोखंडी कवचाची). २ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना १०-११ अँपिअर घेते, पण सुरू होताना ६०पर्यंत उडी मारते. ६० फुटांवर १.५ चौ.मिमीच्या केबलमध्ये त्या क्षणी २६ व्होल्ट पडतात, ४ चौ.मिमीमध्ये फक्त १०. संध्याकाळी आधीच २०० व्होल्ट येत असतील तर बारीक केबलवर मोटर नुसती गुरगुरते आणि वाइंडिंग जळतं. कॉम्प्रेसरला स्वतंत्र १६ अँपिअर सी-कर्व्ह (सुरुवातीची उडी सहन करणारा) एमसीबी, दिव्यांना ६ अँपिअर बी-कर्व्ह. केबल अडीच फूट खोल, खाली-वर वाळू आणि त्यावर विटांची रांग. कातळ फोडता येत नसेल तर जीआय पाइपमधून भिंतीच्या कडेने न्या.

सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत साचते. दिवे: ४ फुटी २० वॅटच्या ८ एलईडी ट्यूब. सगळ्या मधोमध नकोत, नाहीतर टेबलवर स्वतःचीच सावली पडते.

---

टू_स्ट्रोक_सांगली

व्हेंटिलेशनचं विसरू नका. समोरासमोरच्या भिंतींत फरशीपासून ६ इंचांवर जाळीचे झरोके आणि वर एक्झॉस्ट फॅन. वर सांगितलेली पेट्रोलची वाफ खालूनच बाहेर काढावी लागते.

---

गंजविरोधी

झरोके हवेत, पण त्यांना घट्ट बसणारी झाकणंही हवीत. कोकणात जून ते सप्टेंबर फॅन सतत चालवला तर बाहेरची ९० टक्के आर्द्रता तुम्हीच आत ओढता. रात्री गार झालेल्या कास्ट आयर्न सिलिंडरवर सकाळची दमट हवा लागली की दव धरतं, आणि होन केलेला (बारीक घासून तयार केलेला) सिलिंडरचा बोअर एका रात्रीत तांबूस होतो. पेट्रोल किंवा थिनरचं काम असेल तेव्हा झरोके उघडा, फॅन चालवा. काम संपलं की बंद. खोलीत पेट्रोलचा साठा ठेवायचाच नाही, टाकी रिकामी करूनच गाडी आत घ्यायची.

पत्र्याला आतून घाम सुटतो, म्हणून खाली इन्सुलेशन शीट. खोली बंद राहत असेल तर डिह्युमिडिफायर चालतो आणि आर्द्रता ५५ टक्क्यांखाली ठेवतो. तो घ्यायचा नसेल तर लोखंडी कपाटात तळाशी ४० वॅटचा साधा बल्ब लावा. आतली हवा ५ अंश गरम झाली तरी ९०ची आर्द्रता ६७-६८वर येते. क्रँक, गिअर, बेअरिंग तिथे. पार्ट आधी पूर्ण सुकवा, पेट्रोलने ओला पार्ट बल्बजवळ कधीच नको. बोअरला तेलाचा हात आणि वर व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणारा) कागद.

---

कातळावरचा_गॅरेजवाला

सगळ्यांचे आभार. झाकणवाले झरोके करतो. कॉम्प्रेसर आणि हत्यारांचं कोणी सांगेल का? सँडब्लास्टिंग घरी जमेल?

---

लेथ_आणि_पाना

ब्लास्टिंग घरी नको. कॅबिनेटच्या ४ मिमी नोझलला जी हवा सतत लागते ती २ एचपीचा कॉम्प्रेसर देऊ शकत नाही. दोन मिनिटं मारा, पाच मिनिटं थांबा असं होतं. फ्रेम बाहेर द्या, आणि उघडा पत्रा परत आला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. प्रायमर-टचअपला २ एचपी आणि १०० लिटरच्या वरची टाकी पुरते. टाकीचं पाणी रोज काढायचं. एअर लाइन सेपरेटरकडे (हवेतलं पाणी वेगळं करणारा भाग) उतरती हवी, नाहीतर पावसाळ्यात रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. टूके पीयू (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. त्याला एअरफेड (बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा) मास्क लागतो. तो नसेल तर फायनल कोट रंगवणाऱ्याकडेच द्या.

पेट्रोल टाकीचा गंज इलेक्ट्रोलिसिसने काढा: ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्ट चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत लोंबकळणाऱ्या साध्या लोखंडी सळीला. सळी टाकीला टेकू देऊ नका. स्टेनलेसची सळी कधीच नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर. टाकी आधी सोड्याच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण घालवा, मगच चार्जर लावा.

हत्यारांत बुलेट आणि येझदी वेगळ्या. येझदी मेट्रिक. तुमच्या सालाच्या बुलेटवर ब्रिटिश आटे बरेच आहेत. १/४ व्हिटवर्थच्या (जुनं ब्रिटिश माप) नटाची रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. १३चा पाना चढत नाही, १४चा सैल बसतो आणि कोपरे गोल करतो. तेव्हा ३/१६, १/४, ५/१६, ३/८ व्हिटवर्थचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट पाने) आधी घ्या. बाकी ५ इंची व्हाइस (जबड्यांना ॲल्युमिनियमची पट्टी), हातोडीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर, १० ते ११० न्यूटन मीटरचा टॉर्क रेंच, फिलर गेज, डायल गेज, येझदीच्या डायनॅमोचा आर्मेचर पुलर. पुलरऐवजी स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की आर्मेचर किंवा क्रँकचं टोक खराब होतं. येझदीचा क्रँक प्रेस करणं आणि ट्रू करणं (न डगमगता फिरेल असा जुळवणं) हे क्रँकवाल्याचं काम. १० टनी प्रेस घरी असली तरी त्यात पडू नका.

---

गंजविरोधी

एक राहिलं. नटबोल्ट झिंक प्लेटिंगला देताना हाय टेन्साइल (जास्त ताकदीच्या पोलादाचे) बोल्ट वेगळे बांधून द्या आणि प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९०-२०० अंशांवर किमान चार तास बेक करायला सांगा. ॲसिडमध्ये पोलादात शिरलेला हायड्रोजन तेव्हा बाहेर पडतो. तो राहिला तर बोल्ट टॉर्क दिल्यावर दोन-तीन दिवसांनी आपोआप तुटतो. प्लेटिंगवाला बेक करत नसेल तर एक्सल आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट त्याच्याकडे देऊच नका, ते वायर ब्रश मारून तेल लावूनच बसवा.