मदत हवी आहे: बायॉप्सीच्या स्लाइड एआय असलेल्या लॅबला दाखवाव्यात का?

मंडळी, आम्ही गुहागरचे. अण्णांच्या प्रोस्टेटची बायॉप्सी रत्नागिरीत झाली. रिपोर्टात 'संशयास्पद, दुसरे मत घ्यावे' एवढंच. लॅबने स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (काढलेले तुकडे मेणात बसवून ठेवलेले) आमच्याकडे दिलेत. नंबर घातलेल्या त्या काचांवर जांभळट-गुलाबी, सुतासारखे बारीक तुकडे दिसतात.

भाचा म्हणतो, एआयकडून तपासून घ्या. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'पेज प्रोस्टेट' नावाच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली. स्लाइडच्या स्कॅनमध्ये कॅन्सरची शंका वाटणारी जागा ते दाखवतं, निदान मात्र पॅथॉलॉजिस्टच करतो. मला तेच पटतं. नजरेतून निसटलेला कोपरा कुणी दाखवला तर हवाच आहे, पण रिपोर्टावर सही जाणत्या डॉक्टरचीच हवी.

मुंबई-पुण्यात अशी सोय कुठे आहे? परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दुसऱ्या मतासाठी नुसत्या स्लाइड चालतात की ब्लॉकही लागतात? पुढे इम्युनो टेस्ट (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) सांगितली तर ब्लॉकमधूनच नवे काप काढावे लागतात, म्हणून ते कुरिअरने पाठवायचा धीर होत नाही. एसटीने नेले तर या उन्हात मेण बिघडेल का? अण्णा रोज विचारतायत. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.