पाच स्वतंत्र छायाचित्रांतून १९३० च्या सुमाराचे स्टुडिओ-छायाचित्र कसे जुळवावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही पाच भावंडे पाच गावी असल्यामुळे प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर काढून पाठवलेली छायाचित्रे गिंप या चित्र-संपादनाच्या संगणक-प्रणालीत एकत्र करून, जुन्या स्टुडिओत बसून काढावे तसे एक कौटुंबिक छायाचित्र तयार करण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. पार्श्वभूमीसाठी रंगवलेला पडदा मिळाला, कडा काळजीपूर्वक कापल्या, वरून सेपिया (जुन्या छायाचित्रांसारखी तपकिरी) छटाही दिली. तरीही माणसे चिकटवल्यासारखीच दिसतात. दोष नेमका कुठे असावा?

प्रतिसाद १

दोष कडांपेक्षा प्रकाशात असण्याची शक्यता अधिक आहे. त्या काळच्या स्टुडिओत बहुधा एका बाजूच्या मोठ्या खिडकीतून किंवा काचेच्या छतातून मऊ उजेड येत असे, त्यामुळे सर्वांच्या नाकाची सावली एकाच दिशेला पडे. आपल्या पाचही छायाचित्रांत ती कुठे पडते, हे आधी पाहावे. ती विरुद्ध बाजूला असेल, तर चित्र आडवे उलटवण्याचा मोह होतो; पण मग पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो आणि कोटाचा खिसाही बाजू बदलतो. घरातल्या मंडळींच्या नजरेतून ते सुटणार नाही.

शक्य असल्यास छायाचित्रे पुन्हा मागवावीत. मोबाइल छातीच्या उंचीवर धरावा, अडीच-तीन मीटर अंतर ठेवावे (जवळून काढल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात), उजेड एकाच बाजूच्या खिडकीचा असावा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे त्यातला बारकावा टिकेल.

प्रतिसाद २

वरील मुद्द्यांशी सहमत आहे. हा खटाटोप संगणकाच्या आधीपासूनचा आहे, हेही नमूद करतो. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह एकाच चित्रात छापल्या, तर दुसरा छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्हमधून मृत्युशय्येवरील तरुणीचा प्रसंग उभा केला. समुद्राची छायाचित्रे काढणाऱ्या गुस्ताव्ह ल ग्रेची अडचण निराळी होती. कोलोडियन या रसायनाचा थर दिलेली निगेटिव्हची काच निळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद देत असल्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई, म्हणून त्याने समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवरून छापले.

आपल्या कामाचा धडा याच रसायनात आहे. १९३० च्या सुमारासही ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म सर्रास वापरात होत्या. त्यांना निळा व हिरवा उजेड कळे, लाल मात्र कळत नसे. जुन्या छायाचित्रांत आजीचे कुंकू जवळजवळ काळे दिसते ते यामुळेच. रंगीत चित्राचा नुसता रंग काढून त्यावर सेपिया चढवल्यास कुंकू फिकट करडे राहते आणि चेहरा आजचाच वाटतो. गिंपमधील मोनो मिक्सर (कृष्णधवल करताना लाल, हिरवा, निळा यांचा वाटा ठरवणारे साधन) उघडून लाल शून्यावर आणावा, हिरवा व निळा साधारण निम्मा-निम्मा ठेवावा आणि हीच मापे पाचही चित्रांना द्यावीत. तयार ‘व्हिंटेज’ फिल्टर मला यासाठी निरुपयोगी वाटतात, कारण ते रंग बदलतात, पण लाल-निळ्याचे हे नाते बदलत नाहीत.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मापे बदलताच कुंकू आणि लाल काठ दोन्ही गडद झाले. मात्र दोघांच्या गालांवर आता डाग आणि खरखर दिसते, आणि धाकट्या भावाचे चित्र इतरांपेक्षा फारच रेखीव वाटते. जुन्या फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे प्रत्येक चित्राला वेगळे द्यावेत की शेवटी एकत्र?

प्रतिसाद ३

खरखर निळ्या चॅनलमुळे (चित्रातील निळ्या रंगाच्या नोंदीमुळे) येते. मोबाइलच्या चित्रात सर्वांत जास्त गोंगाट (नको असलेले विस्कळीत ठिपके) सहसा त्यातच असतो. त्या दोघांपुरता निळा थोडा कमी करून हिरवा वाढवावा. डाग मात्र त्वचेचेच असतील, तर थोडे राहू द्यावेत. रेखीवपणाच्या बाबतीत सर्वांत मऊ चित्र प्रमाण मानून बाकीची हलक्या ब्लरने (धूसर करून) त्याच्या पातळीवर आणावीत, कारण मऊ चित्र धारदार करायला गेल्यास कडांना पांढरी रेघ येते.

त्यानंतर कर्व्ह्ज हे उजळ-गडदपणा बदलण्याचे साधन वापरून प्रत्येकाच्या केसांतील काळा एकसारखा करावा. पायांखाली दोन सावल्या द्याव्यात: जोड्याला लागून एक बारीक व गडद, आणि तिच्याभोवती पसरट व पुसट दुसरी. माझ्या मते चिकटवल्याचा भास सर्वांत जास्त घालवते ती बारीक सावलीच. दाणे मात्र शेवटीच आणि पडद्यासह संपूर्ण चित्रावर एकदाच द्यावेत. त्यासाठी मध्यम करड्या रंगाचा वेगळा लेअर (चित्राचा थर) घेऊन त्यात नॉइज, म्हणजे विखुरलेले ठिपके, भरावा आणि तो ओव्हरले या मिसळण्याच्या पद्धतीने वर ठेवावा. छटा त्याहीनंतर, तीही बेताची: उजळ भाग किंचित सायीच्या रंगाचे, सावल्या कोमट तपकिरी. छपाईला चकचकीत कागद टाळून मॅट कागद घ्यावा आणि भोवती रुंद फिकट किनार सोडावी.