अनुभव धागा : मोटारहोमने ऑस्ट्रेलियातील लहान गावांतून

ऑस्ट्रेलियातील मोटारहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, प्रवासाविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा ग्रेट ओशन रोड या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर सुरू होऊन तिथेच संपते. या धाग्यात किनारा सोडून आतल्या, गहू आणि मेंढ्यांच्या मुलखातल्या गावांविषयी लिहावे, ही विनंती. मुक्काम कुठे केला, पाणी कुठे भरले, गावकऱ्यांशी काय बोलणे झाले, हे आवर्जून सांगावे.

मेलबर्नहून

माझे आईवडील बार्शीहून आले होते, तेव्हा आम्ही व्हिक्टोरियातील विमेरा-मॅली भागातला सायलो चित्रांचा मार्ग निवडला. सायलो म्हणजे धान्य साठवण्याची काँक्रीटची उंच कोठारे. त्यांवरचे या मार्गावरील पहिले चित्र ब्रिम या अगदी लहान गावात २०१६ च्या आरंभी पूर्ण झाले. त्यात तरुण-वृद्ध असे चार शेतकरी आहेत आणि एकाच्याही चेहऱ्यावर जाहिरातीतले हसू नाही, ही गोष्ट वडिलांना विशेष आवडली. नोव्हेंबर संपत आला होता. आम्ही थांबलो होतो तिथे जवळच्या शेताचे मालक सहज गप्पा मारायला आले. पाऊस किती, जमिनीखाली पाणी लागते का, असे वडिलांचे प्रश्न सुरू झाले आणि दुभाषाचे काम माझ्याकडे आले. बोलता बोलता वडिलांनी गव्हाची एक ओंबी घेऊन हुरडा चोळतात तशी तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवले आणि दाणा दाताखाली धरला. त्या गृहस्थांनीही नेमके तेच केले आणि कापणीला अजून आठवडाभर तरी थांबावे लागेल, असे सांगितले. त्यानंतर दुभाषाची फारशी गरज उरली नाही. जाताना ते एक मोलाची गोष्ट बोलले : चित्राचे छायाचित्र काढून मोटारी पुढे निघून जातात, मुक्कामाला राहणारी मंडळी मात्र गावातूनच पाव, भाजी आणि डिझेल घेतात, म्हणून गावाला मोटारहोमवाले हवे असतात.

ब्रिस्बेनहून

याच कारणाने अनेक गावे आपले शोग्राउंड, म्हणजे वार्षिक कृषिप्रदर्शनाचे मैदान, अल्प शुल्कात मुक्कामासाठी देतात. संध्याकाळी राखणदार पैसे घ्यायला येतो तेव्हा त्याच्याशी दोन शब्द बोलावे. कोणत्या नळाचे पाणी पिण्याजोगे आहे आणि कोणत्या नळाला बोअरचे आहे, हे तोच सांगतो. शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, रिकामी करण्याच्या जागेला 'डंप पॉइंट' म्हणतात. हे काम ज्याच्याकडे असेल त्याला सकाळच्या स्वयंपाकातून सूट, असा आमच्या घरचा नियम आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे उजेडातच मुक्कामी पोहोचावे.

सिडनीहून

मुले बरोबर असतील तर न्यू साउथ वेल्समधला डब्बो ते कुनाबॅराब्रन हा टप्पा सोडू नये. रस्त्याच्या कडेला प्रमाणबद्ध अंतरावर ग्रहांचे फलक आहेत आणि सूर्याच्या जागी सायडिंग स्प्रिंग वेधशाळेतील अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीचा घुमट कल्पिला आहे. बाहेरच्या ग्रहांमधली अंतरे मुलांना कंटाळा येण्याइतकी मोठी आहेत, आणि तेच तर त्यांना कळायला हवे!

पर्थहून

नलारबोर हे ओसाड, सपाट मैदान ओलांडून पश्चिमेकडे येणाऱ्यांसाठी लिहितो. राज्याच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजला कृषी तपासणी होते आणि ताजी फळे, मध व अनेक भाज्या काढून घेतल्या जातात. आदल्या रात्रीच शीतकपाट रिकामे करून उरलेल्या भाज्यांची मिसळभाजी करावी. पुढे बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्यामध्ये १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण घेत नाही. या भागात गाव म्हणजे पेट्रोल पंप, खानावळ आणि चार खोल्या. पाणी इतके दुर्मीळ की टाकी भरून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. सीमेजवळच्या युक्ला या वस्तीच्या आसपास घड्याळ पर्थपेक्षा पाऊण तास पुढे असते, त्यामुळे खानावळीची वेळ विचारून घ्यावी.

पुण्याहून

थोडा वेगळा सूर लावतो. मोटारहोमचे भाडे, डिझेल आणि विमा यांची बेरीज केली, तर दोघांच्या प्रवासाला साधी मोटार आणि गावातले मोटेल बहुतेक वेळा स्वस्त पडते. शिवाय भाड्याच्या मोटारहोमला कच्च्या रस्त्यावर नेण्यास सहसा मनाई असते आणि कित्येक उत्तम मुक्काम कच्च्या रस्त्यालाच असतात. कुटुंब मोठे असेल, किंवा पथ्यामुळे घरचेच जेवण लागत असेल, तरच मी पुन्हा मोटारहोम घेईन.