सहलीचे फोटो: तिथूनच टाकायचे की घरी आल्यावर?

कडीकोयंडा
सुट्ट्या लागल्या की "निघालो! आता थेट पुढच्या रविवारी भेटू" अशा पोस्टींचा पूर येतो. सोबत दारात मांडलेल्या बॅगांचा फोटो. मागे किल्ल्यांचा स्टँड दिसतोय, लॅच कुठल्या प्रकारचं आहे तेही ओळखू येतंय. बघून माझा जीव धास्तावतो. माझं म्हणणं सरळ आहे: हवे तेवढे फोटो टाका, पण घरी परतल्यावर.

२०१० मध्ये नेदरलँड्समधल्या तिघांनी 'प्लीज रॉब मी' नावाची साइट काढली होती. 'मी आता अमुक ठिकाणी आहे' अशा फोरस्क्वेअर या ॲपवरच्या नोंदी लोक ट्विटरवर टाकायचे, त्याच या साइटवर ओळीने दिसायच्या. हॅकिंग वगैरे काही नाही. घरात कुणी नाही हे घरमालकच जगाला सांगत होते.

भटकंती_बारमाही
अजिबात पटलं नाही. घर बंद आहे हे कळायला इंटरनेट लागतं कुठे? दाराशी साचलेले पेपर, भरलेली टपालपेटी, भरदिवसा जळत राहिलेला बाहेरचा दिवा. चोर हेच बघतात. कोहेन आणि फेल्सन या अभ्यासकांनी १९७९ मध्येच मांडलंय की गुन्हा घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: करणारा, त्याच्या हाती लागण्याजोगं काहीतरी आणि राखणीला कुणी नसणं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोक घराबाहेर जास्त वेळ राहू लागले, याच्याशी त्यांनी वाढत्या घरफोड्यांचा संबंध जोडला. तेव्हा फेसबुक होतं का?

राखणीची सोय करा, ते खरं काम. त्या भीतीपोटी आनंद कशाला दडपायचा? माझे फोटो घरातली थकलेली माणसं रोज वाट पाहून बघतात. महिन्याभराने दाखवलेल्या फोटोंना ती मजा नाही.

कडीकोयंडा
१९७९ च्या त्या मांडणीतली तिसरी गोष्टच तर आपण पोस्ट करतो! अंधार बघून चोराला एवढंच कळतं की आत्ता घरात कुणी नाही. मंडळी तासाभरात परततील की आठवड्याने, हे त्याला कळत नाही आणि ती धाकधूक आपल्या फायद्याची असते. परतीचा वार लिहिला की ती संपली. मग कुलूप तोडायला त्याच्याकडे निवांत वेळ आहे.

आणि बघणारे कोण, याचाही विचार करा. व्हॉट्सॲप स्टेटसचं सेटिंग बदललं नसेल तर ज्याचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्याच्याकडे सेव्ह आहे, त्या प्रत्येकाला ते दिसतं. कधीकाळी एकदा दुरुस्तीला येऊन गेलेल्या माणसालाही.

भटकंती_बारमाही
हे मात्र खटकलं. घाम गाळून काम करणाऱ्यावर संशय, आणि आपल्या ओळखीपाळखीतले सगळे सज्जन? घरातल्या वस्तू कुठे असतात हे नातलगांनाही ठाऊक असतं.

कडीकोयंडा
बरोबर आहे, संशय कुणा एकावर नकोच. यादीत नक्की कोण कोण आहे हे आपल्यालाच आठवत नाही, माझा मुद्दा तेवढाच.

सुईदोरा
दोघेही घरावरच बोलताय. विमानतळावरून बोर्डिंग पासचा फोटो टाकणाऱ्यांचं काय? २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी इन्स्टाग्रामवर तो टाकला होता. त्यावरचा बुकिंग क्रमांक वापरून एकाने विमान कंपनीच्या साइटवर लॉगिन केलं आणि पानाच्या कोडमध्ये त्याला त्यांचा पासपोर्ट नंबर मिळाला. त्याने तो मुकाट्याने संबंधितांना कळवला म्हणून निभावलं. त्यामुळे नाव नुसतं खोडून भागत नाही. बुकिंग क्रमांक झाका, बारकोडही झाका, तोही वाचता येतो.

भटकंती_बारमाही
बोर्डिंग पासचं शंभर टक्के मान्य. फोटो मात्र मी तिथूनच टाकणार, फक्त निवडक माणसांच्या यादीला, परतीचा वार न लिहिता. शेजारी किल्ली देऊन जाते, ते पेपर उचलतात, संध्याकाळी आतला दिवा लावतात. माझ्या मते दहा सेटिंगांपेक्षा हे जास्त कामाचं.

कडीकोयंडा
शेजाऱ्यांचं आवडलं, सगळ्यांनीच करावं. पण तुमची यादी तुमच्यापुरती. बरोबर आलेली पोरं आपापल्या अकाउंटवरून, सगळ्यांना दिसेल असं, तुम्हाला टॅग करून काय टाकतायत ते निघण्याआधी विचारून घ्या.

सुईदोरा
टॅग मंजूर केल्याशिवाय प्रोफाइलवर येऊ नये, असं सेटिंग असतं. ते आजच लावा. पोरांच्या स्वतःच्या पोस्टवर त्याचा काही उपयोग नाही, तिथे बोलावंच लागेल.